कोल्विनचा कोट

नववा भाग पाहिला काल, डंडीत, रात्रीच्या शेवटच्या खेळाला.
आधीच सांगून टाकते :
सातव्यापेक्षा बरा,
चौथ्याच्या पासंगालाही पुरणार नाही.
खलनायक तर अगदीच पांचट.
सातही समुद्र उकळायला निघालेला माणूस
आणि साधा चहा पिताना बाहीवर सांडतो.
त्याला कोण घाबरणार?

हिलटाउनच्या चढावर माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे,
एकतीस वर्षं झाली.
त्यामुळे कोल्विन कुणाला मारतो, कुणाच्या मिठीत शिरतो
याकडे माझं फारसं लक्ष नसतं.
मी कोट बघते.

पहिल्या भागात तो कालव्यात पडला
आणि वर आला तो कोरडा ठणठणीत,
इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती.
मी भर थिएटरात ओरडले, ‘अरे, लोकर आहे ती!’
पुढच्या रांगेतला एकजण मागे वळून हसला.
पुढे त्याच्याशीच लग्न केलं.
कोल्विनचे चार भाग टिकलं ते.
असो.

तिसऱ्या भागात खांद्यावर रक्त, आणि हॉटेलातली पोरगी
ते गरम पाण्यानं धुते.
गरम पाण्यानं!
रक्ताला गार पाणी लागतं, आणि सबुरी.
गरम पाणी लावलंत की डाग जन्माचा सोबती.
हे त्या लंडनच्या लेखकांना कुणी सांगितलं नाही,
मी पत्र लिहिलं होतं.
उत्तर म्हणून सहीचा फोटो आला.

आता नववा.
कोल्विन पन्नाशी ओलांडून गेलाय, जिना चढताना गुडघा वाजतो.
माझ्याकडे कामाला असलेला टोमेक म्हणतो,
‘म्हातारा झाला, संपवा आता.’
टोमेक बावीस वर्षांचा आहे.
त्याचा सगळा राग त्या बोटीतल्या प्रसंगावर :
केबिनमध्ये कोल्विन एकटा,
बाहेर पाठलाग, आत दिवा हलतोय,
आणि हा कोटाचं बटण शिवत बसलाय.
संगीत नाही. संवाद नाही.
सुईत दोरा ओवताना दोनदा हुकतो,
मग हात लांब धरून, डोळे बारीक करून
तिसऱ्यांदा.
आणि शेवटी, बटणाखाली, दोऱ्याचे तीन वेढे.

ते तीन वेढे कुणी शिकवून येत नाहीत.
एकट्यानं राहून येतात.
थिएटरात कुणीतरी जांभई दिली.
मी मात्र पॉपकॉर्न चघळायची थांबले.

मला खिसे तपासावे लागतात, धंद्याचा भागच आहे तो.
एकाच आठवड्यात एकाच माणसाच्या खिशात
दोन शहरांची तिकिटं पाहिलीत मी.
न पाठवलेला राजीनामा, चौकोनी घडी घालून.
गिलफिलन आजोबा दर ऑक्टोबरात
बायकोचा हिरवा कोट आणतात.
ती जाऊन चार वर्षं झाली, कोट कुणी घालत नाही.
खिशात एक पेपरमिंट असतं, दरवर्षी नवं.
मी ते काढते, कोट धुते,
पेपरमिंट पाकिटात घालून परत टाचते.
ते पावती घेतात. मी म्हणते, ‘हवा पडलीय.’
ते म्हणतात, ‘पडलीय खरी.’
एवढाच आमचा सांकेतिक संवाद,
आणि अजून कुणी फोडलेला नाही.

लिस्बनच्या प्रसंगात एक ड्रायक्लीनर बाई आहे.
चार सेकंद.
अस्तरात नकाशा शिवलेला कोट ती त्याच्या हाती देते
आणि तो पैसे न देता पळतो.
तिचं नाव कळावं म्हणून दिवे लागेपर्यंत थांबले.
‘दुकानातली स्त्री.’
एवढंच.

शेवटी कोल्विन स्टेशनातल्या बाकावर कोट ठेवून
शर्टातच निघून जातो, धुक्यात.
टोमेक म्हणतो, दहाव्या भागाची सोय आहे ही.
असेल.
माझ्या दुकानात पाटी आहे :
नव्वद दिवसांत न नेलेल्या कपड्यांची जबाबदारी आमची नाही.
मागच्या खोलीत सव्वीस कोट टांगलेत.
सगळ्यात जुना दुसऱ्या भागाच्या वर्षीचा.
बटणं तपासून ठेवलीत सगळ्यांची.